पोत्यावरचं नाव

एप्रिल लागला की कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घराच्या गच्चीवर दुपारचं पाय ठेवायला जागा नसते. आई ऑर्डरीचे उडदाचे पापड करते, बावीस-तेवीस वर्षं झाली, बोळातल्या चार-पाच बायका लाटायला येतात. उडीद लक्ष्मीपुरीतनं, धान्य लाईनीतल्या ठरलेल्या दुकानातनं येतो. आई तयार डाळ घेत नाही, अख्खा उडीद घेऊन भरडून, सालं पाखडून, समोर उभं राहून दळून आणते. मग पापडखार, मिरी, हिंग, घट्ट मळलेलं पीठ, तेलाचा हात लावून कुटणं आणि कुटता कुटता एखादी लाटी तोंडात टाकणं. नोकरी सोडल्यापासून मी पण लाटायला बसते.

यंदा एका दुपारी पलीकडच्या बोळातल्या मावशी रिकाम्या पोत्याची घडी करून त्यावर बसायला लागल्या आणि बसता बसता थांबल्या. हे इंग्रजीत काय लिवलंय गं, म्हणून मला विचारलं. मी वाचून सांगितलं, म्यानमार, माल तिथनं आलाय. कुठं आलं ते? म्हणलं, ब्रह्मदेश.

"टिळकांना ठेवलंतं तिथं? मंडालेला?"

"तेच मावशी."

"मग आता कुणाचं राज्य हाय?"

"लष्करानं बळकावलंय. निवडून आलेल्यांना तुरुंगात घातलं २०२१ ला."

"आणि लोकं? गप बसली?"

मावशी सातवीपर्यंत शिकलेल्या, पेपर रोज वाचतात, अगदी निधन वार्तेपासून राशिभविष्यापर्यंत सगळा. त्यांना हे माहीत नव्हतं. आणि त्यांना ते माहीत नसण्यात माझा हात आहे, हे त्या पोत्याकडं बघताना मला एकदम लख्ख कळलं.

मी बारा वर्षं इथल्या एका दैनिकात डेस्कवर होते, उपसंपादक म्हणून. देश-विदेशचं पान माझ्याकडं असायचं. १ फेब्रुवारी २०२१, सोमवार. सकाळपासनं एजन्सीची कॉपी यायला लागली होती, की म्यानमारच्या राजधानीत, नेप्यिडॉमध्ये पहाटे आंग सान सू की आणि त्यांच्या पक्षाच्या लोकांना लष्करानं ताब्यात घेतलं, नोव्हेंबरच्या निवडणुकीत त्यांचा पक्ष प्रचंड जिंकला होता, नवी संसद त्याच दिवशी बसणार होती, ती बसूच दिली नाही. पण त्या दिवशी आपल्याकडं बजेट होतं. ज्यानं कुठल्याही पेपरात काम केलंय त्याला बजेटची रात्र म्हणजे काय ते सांगायला नको, सगळी पानं बजेटला, काय स्वस्त काय महाग, प्रतिक्रिया, उद्योजक काय म्हणतात, गृहिणी काय म्हणतात. मी म्यानमारची बातमी आधी डबल कॉलम लावली. मग उशिरा एक जाहिरात आली, ती सिंगल झाली, शेवटचे दोन पॅरे उडवले. त्या दोन पॅऱ्यांत फोन आणि इंटरनेट बंद पाडल्याचं होतं, म्हणजे तिथनं पुढं बातमी यायची वाटच बंद केल्याचं. पान वेळेत सोडलं.

दोन दिवसांनी जे सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर आलं ते तुम्हाला आठवत असेल, एक बाई मोठ्या रस्त्यावर एरोबिक्स करतीय आणि तिच्या मागनं काळ्या गाड्यांचा ताफा संसदेकडं चाललाय. आमच्या गल्लीच्या ग्रुपवर तो तीनदा फिरला. सत्तापालटाची बातमी ज्यांना पोचली नाही त्यांना तो व्हिडिओ पोचला, आणि त्यांच्यासाठी म्यानमार तिथंच संपला.

लोकं गप बसली नव्हती मावशी. रोज रात्री आठ वाजता घराघरांत भांडी बडवायची, घरातली पीडा भांडी वाजवून बाहेर काढायची त्यांच्याकडं जुनी पद्धत आहे. आपण २२ मार्च २०२० ला थाळ्या वाजवल्या तशाच थाळ्या, पण तिथं ज्या खिडकीतनं आवाज येईल त्या खिडकीवर पोलिसांचा डोळा. डॉक्टर, मास्तर, रेल्वेवाले संपावर गेले. म्या थ्वे थ्वे खाइंग नावाच्या पोरीला ९ फेब्रुवारीला मोर्चात डोक्यात गोळी लागली, तिचा विसावा वाढदिवस हॉस्पिटलात बेशुद्धीत गेला, १९ तारखेला ती वारली. ९ एप्रिलला बागो शहरात सैन्यानं मोर्चेकऱ्यांवर हल्ला केला, ८० च्या वर माणसं मेली. माझ्या पानावर ती 'संक्षिप्त'मधल्या चार ओळी होती. तेव्हा इथं कोविडची दुसरी लाट होती, ऑफिसातलेच दोघं ॲडमिट होते, कारण खरं आहे. तरी आता कळतंय की बागो म्हणजे उडदाचा पट्टा. खालच्या म्यानमारमध्ये, बागोत, इरावतीच्या खोऱ्यात, भात निघालं की त्याच जमिनीच्या ओलीवर उडीद घेतात. तूर वरच्या कोरड्या भागातली, सागाइंग, मॅग्वे, मंडालेकडची, आपल्या बाजारात तिला लेमन तूर म्हणतात. म्हणजे ज्या गावांची नावं मी चार ओळींत बसवत होते त्या गावांचा माल आमच्या गच्चीवर वाळत होता.

एक बातमी मात्र त्या वर्षी आमच्याकडं नीट आली, वाणिज्यच्या पानावर, आणि आईनंसुद्धा वाचली. जून २०२१, सत्तापालटाला पाच महिने झालेले, भारत आणि म्यानमारमध्ये करार झाला की २०२१-२२ ते २०२५-२६ दरवर्षी २.५ लाख टन उडीद आणि १ लाख टन तूर तिथनं येणार. आईला आनंद झाला कारण उडीद चढला होता. मलाही झाला. दोन पानांवरच्या दोन बातम्या एकाच देशाच्या आहेत असं तेव्हा मनातही आलं नाही.

आता बहिष्काराचं. आपण बहिष्कार टाकत नाही असं नाही. जून २०२० ला गलवानमध्ये आपले २० जवान गेले तेव्हा चॅनेलवर लोकं चिनी टीव्ही फोडताना दिसत होती, इथं महाद्वार रोडवर दिवाळीत चिनी माळा घेणाऱ्याकडं बाजूची माणसं बघायची, मीही घेतल्या नाहीत, पणत्या लावल्या. तो राग खोटा नव्हता, माझाही नव्हता. पण चीनमधनं येणारा माल २०२०-२१ ला साधारण ६५ अब्ज डॉलरचा होता तो २०२३-२४ ला १०० अब्जांच्या वर गेला. चॅनेलनी राग दिला आणि चॅनेलनीच तो उचलून नेला, दुसरीकडं ठेवला. पुढच्याच वर्षी, जून २०२१ ला, त्याच चीनच्या सरकारनं हाँगकाँगमधला ॲपल डेली नावाचा पेपर बंद पाडला, मालक जिमी लाय आधीच तुरुंगात, संपादक उचलले, बँकेतले पैसे गोठवले. शेवटच्या अंकाच्या १० लाख प्रती छापल्या, रात्रीपासनं लोकं रांगेत उभी होती तो विकत घ्यायला. ही बातमी पण सिंगल कॉलम. चीनवर एवढा राग असलेल्या माणसाला खरं तर ती रांग आपली वाटायला पाहिजे होती, पण आम्ही ती त्याला दाखवलीच नाही.

मे २०२५ ला तुर्कस्तानचं तसंच झालं. त्यांनी पाकिस्तानची बाजू घेतली म्हणून पुण्यातल्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं घ्यायचं थांबवलं, माझ्या धाकट्या भावानं तसे मेसेज दहा ग्रुपवर टाकले. मी त्याला एवढंच विचारलं की दोन महिन्यांपूर्वी खुद्द तुर्कस्तानातच लोकांनी बहिष्कार टाकलेला तुला माहीत आहे का. त्याला माहीत नव्हतं, आणि माहीत असायचं कारणच नव्हतं. १९ मार्चला इस्तंबूलच्या महापौरांना, एक्रेम इमामोलू यांना, अटक झाली, ते अध्यक्ष एर्दोआनच्या विरोधातले मोठे नेते, लाखो लोक रस्त्यावर आले, आणि सरकारच्या बाजूच्या चॅनेलनी ते दाखवलंच नाही. म्हणून विरोधी पक्षानं सांगितलं, ज्या उद्योगांची ही चॅनेलं आहेत त्यांच्याकडनं काही घेऊ नका. २ एप्रिलला एक दिवस काहीच खरेदी करू नका म्हणून हाक दिली. ती हाक सोशल मीडियावर पुढं पाठवली म्हणून लोकांना ताब्यात घेतलं. मी भावाला म्हणलं, बघ, तू ज्या सरकारवर चिडलायस त्याच सरकारवर तिथली माणसंपण चिडलीत, आणि त्यांनी यादी करून ठेवलीय कुणाचं काय घ्यायचं नाही त्याची, तू ती यादी घे की, सफरचंदवाल्या शेतकऱ्यानं तुझं काय केलंय. भाऊ म्हणाला, ताई, एवढं कोण शोधत बसणार. आणि त्याचं बरोबर आहे, शोधणं त्याचं काम नाही, आमचं होतं. आम्ही वाचकाला देश देतो, राग येण्यासारखा किंवा न येण्यासारखा, पण त्या देशात सरकार कोण आणि माणसं कोण हे वेगळं करून देत नाही. मग तो बहिष्कार टाकतो तेव्हा सगळ्यांवर मिळून टाकतो, आणि पंधरा दिवसांत विसरतो, कारण ज्याच्यासाठी टाकायचा असा तिथला एकही माणूस त्याच्या ओळखीचा नसतो.

बंद राजवटीची बातमी काढणं सोपं नाही हेही मला मान्य आहे, आणि हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. १८८२ चं कोल्हापूर प्रकरण आपल्याच गावचं. चौथे शिवाजी महाराज, अल्पवयीन, वेडे ठरवलेले, कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली दिवाण माधवराव बर्वे यांच्याकडं. आत काय चाललंय ते कुणाला नीट दिसत नव्हतं. केसरी आणि मराठानं लिहिलं की महाराजांचा छळ होतोय, हाती काही पत्रं आली होती त्यांच्या जोरावर. बर्व्यांनी खटला घातला, ती पत्रं बनावट निघाली, टिळक-आगरकरांनी माफी मागितली तरी शिक्षा झाली, डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस. आणि मग १८८३ च्या डिसेंबरात तेच महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात, नजरकैदेत, एका गोऱ्या सैनिकाशी झालेल्या झटापटीत गेले. मी हे प्रकरण किती वेळा वाचलं असेल. पत्रं खोटी होती, पण काळजी खोटी नव्हती. आत जाऊन बघायला मिळत नाही तिथं चुका होणारच, त्या कबूल करायच्या आणि पुन्हा विचारत राहायचं. एजन्सीच्या म्यानमारच्या कॉपीत "स्वतंत्रपणे दुजोरा मिळू शकला नाही" हे वाक्य आलं की मी ती बातमी खाली ढकलायचे. दुजोरा का मिळत नाही हीच खरी बातमी असते, हे मला तेव्हा कळायला पाहिजे होतं.

कारण दुजोरा देणारी माणसं तुरुंगात होती. ८ मार्च २०२१ ला लष्करानं पाच माध्यमांचे परवाने रद्द केले, मिझ्झिमा, डीव्हीबी, खित थित, म्यानमार नाऊ, सेव्हन डे. यातलं मिझ्झिमा १९९८ ला आपल्या दिल्लीत सुरू झालेलं, म्यानमारमधनं पळून आलेल्या लोकांनी काढलेलं. डिसेंबर २०२१ ला सो नाइंग हा फोटोग्राफर यांगूनमध्ये संपाचे फोटो काढताना पकडला, चार दिवसांनी कोठडीत मेला. साई झॉ थायके, म्यानमार नाऊचा फोटोग्राफर, मे २०२३ ला मोखा वादळानंतरची पडझड टिपायला सितवेला गेला होता, तिथं पकडला, सप्टेंबरात इनसेन तुरुंगाच्या आतच कोर्ट भरवून २० वर्षांची सक्तमजुरी. वादळाचे फोटो. टिळकांना १९०८ ला केसरीतल्या लेखांसाठी सहा वर्षं मंडालेला ठेवलं ते आपण शंभर वर्षांहून जास्त सांगत आलोय, आमच्या मावशींना पण ते पाठ आहे. मग मंडालेच्या देशातल्या आजच्या पत्रकारांची नावं मराठीत कुणी सांगायची?

२८ मार्च २०२५ ला तिथं ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला, मंडाले-सागाइंग भागात, तीन हजारांच्या वर माणसं गेली. तेव्हा मी पेपर सोडला होता, घरी टीव्ही बघत होते. दिवसभर बँकॉकची कोसळणारी इमारत. बँकॉक दाखवता येत होतं, कारण तिथं कॅमेरे होते. म्यानमारच्या लष्करानं परदेशी पत्रकारांना सांगितलं की राहायला जागा नाही, वीज-पाणी नाही, येऊ नका. आणि भूकंपानंतरही विमानातनं बॉम्ब टाकणं चालू ठेवलं.

मग काय घ्यायचं नाही? हे मी त्या दुपारनंतर खरंच बसून वाचलं, रात्री रात्री, जसं डेस्कवर असताना वाचायला पाहिजे होतं. तिथल्या लोकांनी आधी स्वतःपासनं सुरुवात केलेली. म्यानमार बिअर लष्कराच्या कंपनीच्या भागीदारीत बनायची, लोकांनी ती ओतून दिली, दुकानदारांनी शेल्फवरनं काढली. त्यातला जपानी भागीदार किरिन, त्यानं सत्तापालटानंतर चारच दिवसांत भागीदारी मोडणार म्हणून जाहीर केलं आणि २०२३ ला पूर्ण बाहेर पडला. मायटेल ही लष्कराचा वाटा असलेली मोबाइल कंपनी, तिची सिमकार्डं लोकांनी फेकली. वीजबिलं भरायची थांबवली. कायद्यानं तिथल्या जंगलातलं सागवान सरकारच्या मालकीचं, विकते ती म्यान्मा टिंबर एंटरप्राइज, तिच्यावर २०२१ ला अमेरिका आणि युरोपियन युनियननं निर्बंध घातले, मोगोकच्या खाणींतल्या माणकांचं तसंच. म्हणजे बर्मा टीकच्या फळीचा पैसा सरळ लष्कराकडं जातो. उडदाचं तसं नाही. उडीद शेतकऱ्याचा, मग गावातला दलाल, मग यांगूनचा निर्यातदार. पण तोही सुटलेला नाही, कारण निर्यातीतनं आलेल्या डॉलरांचा मोठा हिस्सा सरकारी भावानं क्याटमध्ये, म्हणजे तिथल्या चलनात, बदलायची सक्ती केली, २०२२ च्या ऑगस्टात तो भाव डॉलरला २१०० क्याट होता आणि बाहेरच्या बाजारात डॉलर कितीतरी महाग. मधला फरक कुणाच्या खिशात गेला आणि शेतकऱ्याच्या हातात किती कमी पडलं, ते कुणीही ताडू शकेल.

मी हे आईला सांगितलं. तिनं लाटणं न थांबवता ऐकलं. म्हणाली, "मग मी बर्मा उडीद नको म्हणलं तर त्या सेनापतीला काय होणार? त्या शेतकऱ्याच्या घरात मात्र दिवा लागायचा नाही." आईचं माहेर राधानगरीकडचं, शेतातला माल पडून राहिला की घरात काय होतं ते तिनं बघितलंय. मला उत्तर देता आलं नाही आणि मला वाटतं उत्तर तिचंच बरोबर आहे. बहिष्कार हा शब्द आपल्याकडं तसा जड आहे, वाळीत टाकणं आपण माणसांनाच केलेलं आहे, खालच्यांना. अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात कुणी चहा प्यायला जात नव्हतं तेव्हा शाहू महाराज भाऊसिंगजी रोडवर गाडी थांबवून त्यांच्या हातचा चहा प्यायचे, बरोबरच्या अधिकाऱ्यांना पाजायचे. तो चहा विकत घेणं आणि हाँगकाँगच्या त्या रांगेतला पेपर विकत घेणं मला एकाच जातीचं वाटतं. वरच्याला मारायचा बहिष्कार खालच्याच्या पाठीत बसतोय का हे बघितल्याशिवाय टाकू नये, आणि बघायला बातमी लागते.

टीकचं मात्र मी भावाजवळ धरून बसले. तो कळंब्याला घर बांधतोय, पुढच्या दाराला बर्मा टीक घालायचं त्याच्या डोक्यात होतं, सुताराकडनं भाव काढून आणला होता. मी त्याला कुठलाही मेसेज पाठवला नाही, त्या पोरीचं आणि त्या फोटोग्राफरचं सांगितलं, नावं घेऊन सांगितलं, आणि या लाकडाचा पैसा कुठं जातो ते. तो बराच वेळ काही बोलला नाही. आठ दिवसांनी फोन आला, चौकटीला दांडेलीचा साग घेतोय, मंगळवार पेठेतल्या घराचं माडीवरचं जुनं दार पडून आहे ते आत लावू म्हणाला. ते दार पणजोबांनी केलेलं, तेही ब्रह्मदेशी सागाचं, इंग्रजांच्या काळातलं. घे म्हणलं.

आई उडीद लक्ष्मीपुरीतनंच आणते अजून. परवा पापडांचा शेवटचा घाणा होता. मावशी त्याच पोत्यावर बसल्या होत्या, मी तेल घेऊन आले तर म्हणाल्या,

"त्या फोटोवाल्या पोराचं नाव काय म्हणालीस?"

"साई झॉ थायके."

"वीस वर्षं म्हणालीस न्हवं. मग कधी सुटणार?"

"शिक्षा पुरी भोगायला लावली तर २०४३ ला."

मावशींनी लाटी हातात घेतली, बोटांवर काहीतरी मोजलं. "त्याची आई हाय का गं?" म्हणाल्या. मला माहीत नव्हतं. वाचून सांगते म्हणलं.